एक बाई, तीन नावं

‘उंबरठा’ हा सिनेमा मी पहिल्यांदा सलग पाहिला तो ना फिल्म क्लबात, ना पुण्यातल्या माझ्या रूमवर. पाहिला तो वाशीत, भाऊबीजेच्या रात्री, आई, आत्या आणि वहिनीच्या मधोमध बसून. सिनेमा दोन-अडीच तासांत संपला. आमच्या घरातलं बोलणं मात्र तिथून सुरू झालं...

‘‘वाशी? अरे वा, म्हणजे हार्बर लाइन!’’

पुण्यात आल्यापासून गेली सात वर्षं मी हे वाक्य ऐकतेय. पीजीमध्ये, ऑफिसात, प्रत्येक नव्या ओळखीत. नाही हो मंडळी! आमच्या वाशीला रेल्वे नाही, खाडीपूल नाही, मॉल तर नाहीच नाही. बालाघाटाच्या रांगेतलं तालुक्याचं गाव आहे ते. जिल्हा धाराशिव, म्हणजे २०२३पर्यंतचं उस्मानाबाद. पुण्याहून बार्शी, पुढे येडेश्वरीचं येरमाळा, मग फटाक्यांसाठी नाव कमावलेलं तेरखेडा आणि मग आम्ही. भूम-वाशीचा हा सगळा पट्टा खव्याचा. त्यामुळे परत येताना माझ्या सॅकमध्ये लॅपटॉपच्या शेजारी खव्याचा डबा असतोच. रूममेट्सना माझ्यापेक्षा त्या डब्याची जास्त वाट असते, हेही खरं.

तर गेल्या दिवाळीत मी अशीच घरी पोचले. फराळ तयार, अंगणात रांगोळी, सगळं एकदम ओके. पण घरात कुणी कुणाशी नीट बोलत नव्हतं. कारण टीव्हीच्या मागे, लाइट बिलांच्या गठ्ठ्यात खोचून ठेवलेला एक कागद. वहिनीची ऑर्डर आली होती. स्टाफ नर्स, सरकारी नोकरी. गाव? जव्हार, जिल्हा पालघर. म्हणजे महाराष्ट्राच्या पार दुसऱ्या टोकाला.

वहिनीनं या परीक्षेसाठी दोन वर्षं पहाटे चारला उठून अभ्यास केला होता. पास झाली तेव्हा दादानं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले होते. आणि आता तोच दादा म्हणत होता, ‘‘बदली होईपर्यंत थांबू. जवळपास काही मिळालं तर बघू.’’ आमची चिऊ अडीच वर्षांची. त्यामुळे घरातलं प्रत्येक वाक्य फिरून फिरून एकाच प्रश्नावर येऊन थांबायचं... ‘पोरीचं कसं होणार?’

सिनेमा लावायची आयडिया माझीच

खरं सांगायचं तर माझ्या डोक्यात काही मोठा प्लॅन नव्हता. एका लेखासाठी मला कादंबरीवरून बनलेले मराठी सिनेमे पाहायचे होते. डेडलाइन डोक्यावर होती. मास कॉमच्या वर्गात ‘उंबरठा’ तुकड्या-तुकड्यांत दाखवला होता, पण सलग कधी पाहिलाच नव्हता. म्हटलं, लॅपटॉप टीव्हीला जोडू, सगळे मिळून बघू. निदान घरातली शांतता तरी मोडेल!

भाऊबीजेला कळंबहून आत्या आली होती. जेवणं झाली, चिवड्याची परात मधे आली. आई, आत्या, वहिनी, मी. दादा दाराशी खुर्ची टाकून एक डोळा मोबाइलवर, एक डोळा टीव्हीवर. अण्णा आतल्या खोलीत, म्हणजे झोपलेत असं आम्ही समजायचं.

‘‘कुणाचा पिच्चर हाय?’’ आत्यानं विचारलं.

‘‘स्मिता पाटील.’’

‘‘मग बघू की.’’ आत्यासाठी एवढं पुरेसं होतं.

गोष्ट काय, तर...

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी. सुलभा महाजन ही चांगल्या, खात्यापित्या घरातली सून. नवरा सुभाष वकील. सासूबाई स्वतः समाजकार्यात नाव कमावलेल्या. एक लहान मुलगी, राणी. सुलभानं समाजकार्याचं रीतसर शिक्षण घेतलंय आणि तिला ते वापरायचंय. संगमवाडी नावाच्या लांबच्या गावी महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून तिला नोकरी मिळते. घरच्यांना ते पसंत नाही. मुलीला थोरल्या जावेजवळ सोपवून ती जाते.

सुधारगृहात काय दिसतं? टाकून दिलेल्या, फसवल्या गेलेल्या, कुणालाच नको असलेल्या बायका. ढिला कारभार, पैशांची खाबुगिरी, आणि या बायकांवर डोळा ठेवून असलेली वजनदार माणसं. सुलभा शिस्त लावते, भांडते, चुकतेही. दोन बायकांमधलं प्रेमही इथे पडद्यावर येतं, आणि लक्षात घ्या, आपण १९८२च्या मराठी सिनेमाबद्दल बोलतोय! शेवटी आतल्या बायकांच्या जिवावर बेततं, चौकशी बसते आणि सुलभा राजीनामा देऊन घरी परत येते.

घर तिथेच आहे. फक्त तिची जागा तिथे नाही. मुलगी काकूला बिलगलेली. नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली, आणि ते तो तिला शांतपणे सांगतोसुद्धा. सुलभानं हे समजून घ्यावं आणि राहावं, अशी त्याची अपेक्षा. सुलभा राहत नाही. सिनेमा संपतो तेव्हा ती ट्रेनमध्ये असते.

* * *
‘उंबरठा’ची कुंडली

प्रदर्शित: १९८२
मूळ कादंबरी: ‘बेघर’, लेखिका शांता निसळ
पटकथा: विजय तेंडुलकर
दिग्दर्शक: डॉ. जब्बार पटेल. पेशानं बालरोगतज्ज्ञ! ‘जैत रे जैत’ (१९७७) गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरून, ‘सिंहासन’ (१९७९) अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवरून. म्हणजे कादंबरी ते सिनेमा हा प्रवास त्यांनी याआधीही केला होता.
कलाकार: स्मिता पाटील, गिरीश कार्नाड, श्रीकांत मोघे, आशालता
संगीत: हृदयनाथ मंगेशकर. सुरेश भटांची गझल लताबाईंच्या आवाजात आहे, हेडफोन लावूनच ऐका.
पुरस्कार: सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार
हिंदीत: ‘सुबह’
* * *

आत्याची कॉमेंट्री

सिनेमा सुरू झाला आणि मला कळलं, की आपण पुण्यात सिनेमा ‘बघतो’, वाशीत तो ‘बोलतात’.

सुलभाच्या नोकरीवरून घरात चर्चा सुरू झाली तेव्हा आत्या म्हणाली, ‘‘नवरा काय वाईट दिसना बाई. मारत न्हाई, शिव्या देत न्हाई.’’ तिच्या मापानं बघितलं तर बरोबरच होतं. गिरीश कार्नाडांचा सुभाष व्हिलन नाहीच. शिकलेला आहे, सभ्य आहे, आवाज चढवत नाही. आजच्या भाषेत एकदम सपोर्टिव्ह. फक्त त्याचा सपोर्ट घराच्या कंपाउंडपर्यंतच चालतो. तेंडुलकरांच्या लिखाणाची गंमत हीच आहे. त्यांनी नवऱ्याला राक्षस केला असता तर आपण सगळे सुटलो असतो. ‘आमच्याकडे नाही बुवा असं’ म्हणून मोकळे झालो असतो.

मग सासूबाईंचा प्रसंग आला. आई तोवर गप्प होती. आमच्याकडे शिवणयंत्र हॉलमध्येच आहे, त्याच्या कडेला टेकून बसली होती. एकदम म्हणाली, ‘‘सासू समाजसेवा करती ती चालतं. कारण सासू संध्याकाळी घरी येती.’’

मी लॅपटॉपवर पॉज दाबला. खरंच सांगते, या सिनेमावर मी बरंच काही वाचलंय. पण ही गोष्ट इतकी सरळ कुणी सांगितलेली मी वाचली नव्हती. घराला बाईच्या कामाची अडचण नसते. तिच्या संध्याकाळी घरी नसण्याची असते.

‘‘थांबवलं कशाला? लाव की,’’ आई म्हणाली.

नॉर्वेहून आलेलं दार

आता थोडं विषयांतर. पण घरच्याच गोष्टीकडे परत येण्यासाठी, त्यामुळे चॅनेल बदलू नका!

घर सोडून जाणाऱ्या बाईची जगातली सगळ्यात गाजलेली गोष्ट नॉर्वेतली आहे. हेन्रिक इब्सेन या नाटककाराचं ‘अ डॉल्स हाउस’, १८७९ सालचं. त्यातली नोरा शेवटी नवरा आणि तीन मुलांना सोडून घराबाहेर पडते आणि दार बंद होतं. त्या एका दाराच्या आवाजानं तेव्हाचं युरोप हादरलं. जर्मनीत नोरा करणारी नटी म्हणाली, मी माझ्या मुलांना अशी सोडून जाणार नाही, मी हा शेवट करणार नाही. तेव्हा दुसऱ्या कुणी नाटकाची मोडतोड करू नये म्हणून इब्सेननं नाइलाजानं एक वेगळा शेवट स्वतःच लिहून दिला. त्यात नवरा नोराला झोपलेल्या मुलांपाशी घेऊन जातो. त्यांना बघून तिचे पाय गळतात आणि ती राहते. इब्सेनला हा शेवट मनापासून आवडला नाही, पण तो लिहिला गेला हे खरं.

नॉर्वेशी आपलं नातं मराठी रंगभूमीनं फार आधी जोडलंय. १९३३मध्ये ‘नाट्यमन्वंतर’नं रंगभूमीवर आणलेलं ‘आंधळ्यांची शाळा’ हे श्री. वि. वर्तकांचं नाटक ब्यर्नसन या नॉर्वेजियन लेखकाच्या नाटकावर बेतलेलं होतं. त्याचा मुद्दा काय होता माहितीये? लग्नाच्या बाबतीत चारित्र्याची जी मोजपट्टी बाईला, तीच पुरुषाला का नको? पुढे अनंत काणेकरांनी इब्सेनच्या नोराला ‘घरकुल’मधून मराठीत आणलं.

आता ‘उंबरठा’तला तो शेवटाकडचा प्रसंग आठवा. सुभाष म्हणतो, मधल्या काळात दुसरी कुणी आली, तू समजून घे. उलटं झालं असतं तर? सुलभा नोकरीहून परत आली असती आणि हेच वाक्य तिनं म्हटलं असतं तर? १९३३चा प्रश्न १९८२मध्ये तसाच्या तसा उभा आहे. आणि आज आपल्या ग्रुपवर कुणाचं लग्न मोडलं की आपण आधी कुणाच्या ऑफिसच्या वेळांची चौकशी करतो, हे ज्याचं त्यानं आठवावं.

एक फरक मात्र मोठा आहे. नोरा शेवटच्या मिनिटाला जाते. पुढे तिचं काय झालं, हे इब्सेन दाखवत नाही. सुलभा सिनेमाच्या सुरुवातीलाच जाते. ती काम करते, हरते, परत येते आणि मग पुन्हा जाते. पहिल्यांदा जाताना तिच्या हातात नोकरीचा कागद असतो, मागे घर असतं. दुसऱ्यांदा दोन्ही नसतं. माझ्या मते खरं धाडस ते दुसरं.

बेघर, उंबरठा, सुबह

आणि आता येऊ तीन नावांकडे. एकच गोष्ट, एकच बाई. शांता निसळांनी कादंबरीला नाव दिलं ‘बेघर’. सिनेमा झाला तेव्हा ते ‘उंबरठा’ झालं. हिंदीत गेला तेव्हा ‘सुबह’.

जस्ट इमॅजिन... ‘बेघर’ म्हणजे हिशेब झाला. शेवटी हाती काय उरलं, तर घर नाही. पण हा शब्द एकट्या सुलभाचा राहत नाही. सुधारगृहातली प्रत्येक बाई बेघर आहे. त्यांना बाहेर जायला दार नाही आणि सुलभाला आत यायला. कुलूप फक्त वेगवेगळ्या बाजूंनी लागलंय.

‘उंबरठा’ हा शब्द मात्र निकाल देत नाही. तो फक्त जागा दाखवतो. घर आणि बाहेर यांच्या मधली, हातभर लाकडाची. आमच्याकडे बोलताना ‘उंबरा’ म्हणतात. दिवाळीत सकाळी आई तो धुते, हळदीकुंकू लावते, रांगोळी काढते. त्यावर उभं राहू नये, बसू नये, शिंकू नये. लहानपणापासून त्यावरून इतक्या वेळा ओरडा खाल्लाय, की आजही पुण्याच्या फ्लॅटमध्ये उंबरा नसला तरी माझं पाऊल दारात अडखळतं. उंबरा ओलांडायचा असतो किंवा आत राहायचं असतं. मधे थांबायची सोय नाही!

आणि ‘सुबह’? सकाळ. म्हणजे जे झालं ते रात्रीसारखं संपलं, आता उजाडतंय. तिन्हींत सगळ्यात आशावादी नाव. त्या शेवटच्या ट्रेनमधल्या स्मिता पाटीलचा चेहरा बघा आणि ठरवा, तीनपैकी कुठलं नाव बसतं. मला त्या चेहऱ्यावर तिन्ही दिसली. आणि हा चेहरा किती वर्षांचा होता? सिनेमा आला तेव्हा स्मिता सव्वीस वर्षांची होती. आपल्या टीममधल्या निम्म्या मुलींच्या वयाची. १९८६च्या डिसेंबरमध्ये ती गेलीसुद्धा, अवघ्या एकतिसाव्या वर्षी.

वहिनी उठून गेली

मधे एक प्रसंग आहे. सुलभा सुट्टीत घरी येते आणि राणी तिच्याकडे यायला तयार नसते. आमच्या हॉलमध्ये चिवड्याचा आवाजही थांबला. चिऊ आईच्या मांडीवर झोपली होती. वहिनी उठली, तिला उचललं आणि आत गेली. परत यायला तिला बराच वेळ लागला.

दारातून दादा म्हणाला, ‘‘बघितलंस? हेच म्हणतोय मी. हे असं होतं.’’

मला काही सुचेना. सिनेमा मी लावला होता आणि तो नेमका उलटा पडत होता. दादाचा मुद्दा चूकही नव्हता. लेकरू खरंच लांब जातं. ‘उंबरठा’ ते लपवत नाही, त्याला उगाच गोड करत नाही. म्हणून तर तो प्रचाराचा सिनेमा होत नाही.

उत्तर आईनं दिलं. टीव्हीवरची नजर न काढता.

‘‘तू दोन वर्षं चाकणला कंपनीत होतास. महिन्यातून एकदा यायचास. चिऊ तुला बघून रडायची, माझ्यामागं लपायची. तवा कुणी म्हणलं का, घर मोडलं म्हणून?’’

दादा काही बोलला नाही. बाहेर कुणाचे तरी शिल्लक फटाके वाजले. आत्या म्हणाली, ‘‘आवाज वाढव गं, ऐकू येईना.’’

ट्रंकेतला कागद

सिनेमा संपला, आत्या झोपली, दादा दुकानाचा हिशेब काढून बसला. मी आणि आई परात उचलून आत गेलो. मी तिला विचारलं, तीन नावांपैकी तुला कुठलं पटलं? तिनं उत्तर दिलं नाही. भांडी पालथी घातली, हात पुसले, पलंगाखालची ट्रंक ओढली आणि साड्यांच्या खालून प्लास्टिकच्या पिशवीतला एक कागद काढला.

२००१ सालची ऑर्डर. शिक्षणसेवक, प्राथमिक शाळा, रत्नागिरी जिल्हा. महिना ३,००० रुपये मानधन, तीन वर्षांसाठी आणि नंतर कायम.

माझी आई डी. एड. आहे, हे मला माहीत होतं. ‘नंतर नोकरी लागली नाही’ एवढंच माहीत होतं. मराठवाड्यातली कितीतरी मुलं-मुली तेव्हा अशीच कोकणात मास्तर होऊन गेली. आमच्या ओळखीत तशी दोन-तीन घरं आहेत. आई त्यात असू शकली असती, हे मी अठ्ठावीस वर्षांत कधी ऐकलंच नव्हतं.

‘‘मी किती वर्षांची होते?’’

‘‘चार.’’

म्हणजे आमच्या घरातली राणी मी होते. इब्सेनचा तो बदललेला शेवट आठवतोय? झोपलेल्या मुलांपाशी पाय गळालेली नोरा? तो शेवट मी वर्गात शिकले होते, नोट्स काढल्या होत्या, परीक्षेत दहा मार्कांना लिहिलाही होता. आणि तो आमच्याच घरात, माझ्याच उशाशी झाला होता.

मी रडायला लागले. आई वैतागली. ‘‘तुझ्यामुळं नाही गं. सगळ्यांनी म्हणलं पोरगी लहान हाय. मीपण म्हणलं. सोपं होतं ते म्हणायला. पण एकानंही असं म्हणलं नाही, की जायचं तर कसं जायचं ते बघू. हिशेबच कुणी मांडला नाही. मी पण नाही.’’

थोडं थांबून म्हणाली, ‘‘त्या बाईचं मला एकच कळलं नाही. ती परत कशाला आली? नोकरी सुटली तर दुसरी बघायची.’’

आणि मग चक्क हसली. ‘‘पण न येऊन कसं जमंल. लेकरू होतं की.’’

प्रश्न कोणाला विचारायचा?

आता थोडं तुमच्या-माझ्याबद्दल. आपण ‘उंबरठा’ बघतो तेव्हा सुलभाच्या जागी स्वतःला ठेवतो. साहजिक आहे. मी पुण्यात आले तेव्हा मला कुणी अडवलं नाही. उलट स्टँडवर सोडायला अर्धी गल्ली आली होती. कारण सोपं होतं. माझ्यावाचून कुणाचं जेवण अडणार नव्हतं. आपल्यापैकी बऱ्याच जणींनी उंबरा ओलांडला असं आपण म्हणतो, पण तो तेव्हा ओलांडला जेव्हा त्याला फारसं वजन नव्हतं. खरी परीक्षा लग्नानंतर, मुलानंतर, ऑनसाइटच्या ऑफरनंतर, बदलीच्या मेलनंतर.

आणि मुलग्यांनो, तुम्ही कुठे निघालात? सुभाष महाजन नीट बघा. तो तुमच्यापैकी अनेकांपेक्षा चांगला दिसेल. त्याची चूक एकच. ‘तू गेल्यावर राणीचं कसं होणार?’ हा प्रश्न त्यानं सुलभाला विचारला, स्वतःला कधीच नाही. घरातल्या पोराचा प्रश्न एकट्या बाईच्या नावावर चढवला, की मग तिनं राहायचं ठरवलं तरी ती हरते आणि जायचं ठरवलं तरी हरते. सिनेमा मला इतकाच कळला. आणि तोही निम्मा आईमुळे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला आईनं तो २००१चा कागद टीव्हीमागच्या कागदाशेजारी ठेवला. भाषण वगैरे काही नाही. दादानं दोन्ही वाचले. ‘‘ही कधीची?’’ एवढंच विचारलं. मग अण्णा बाहेर आले. रात्री ते जागेच होते हे तेव्हा कळलं. म्हणाले, ‘‘त्या टायमाला मी बोललो नाही. आता बोलतो. हिशेब मांडा.’’

मग वहीच्या मागच्या पानावर खरोखर हिशेब मांडला गेला. पगार किती, खोलीचं भाडं किती, येण्या-जाण्याला किती, चिऊ कोणाकडे, पहिले सहा महिने कसे, दुकान आठवड्यातून किती दिवस बंद ठेवता येईल. वहिनी पेन घेऊन लिहीत होती. दोन दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज मोठा झाला तो दादाची बेरीज चुकल्यावर!

सध्या काय चाललंय, तर...

वहिनी जानेवारीत हजर झाली. सगळं छान छान झालं असं मी लिहिणार नाही. पहिल्याच महिन्यात चिऊ तापानं फणफणली. दादा अजूनही चिडला की ‘‘तुम्हीच सगळ्यांनी ठरवलं’’ म्हणतो. नातेवाइकांत कुजबुज आहेच. बदलीचा अर्ज करायचा की नाही यावर फोनवर भांडणं होतात, आणि त्यात मी कुणाची बाजू घ्यायची हे मला अजून जमलेलं नाही.

पण एक गोष्ट वहीत लिहिलेली नव्हती. चिऊला सांभाळायला पहिले काही महिने कुणीतरी जव्हारला राहायला हवं होतं. आई म्हणाली, मी जाते. शिवणकामाच्या ऑर्डरी शेजारणीकडे दिल्या, अण्णांना कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिकवलं आणि निघाली.

परवा तिचा व्हिडिओ कॉल आला. मागे डोंगर, अंगणात चिऊ आणि शेजारच्या घरातली चार-पाच पोरं गोल करून बसलेली. आईच्या हातात खडू होता. फरशीवर बाराखडी काढलेली.

‘‘काय गं, शाळा काढलीस का?’’

‘‘शाळा कसली. पोरं येतात, बसतात.’’ ती कॅमेऱ्याकडे न बघता म्हणाली. ‘‘ठेव आता. यांचं ‘क’ वळण अजून येईना झालंय.’’